निकेलशिवाय आलेलं क्रोमियम

चाळणीवर उरतं ते टाकायचं नाही, हा गिरणीवाल्या बाईंचा पहिला नियम. घरी पीठ चाळलं की कोंडा बाजूला काढता येतो. दगडाला ती सवलत नाही, कारण दगडाचा कोंडा हाही दगडच. दळायला जड जाणारा भाग टाकून दिला, तर हातात उरलेलं पीठ त्या दगडाचं राहत नाही, भलत्याच कुठल्यातरी दगडाचं होतं. म्हणून उरलेलं पुन्हा भांड्यात, पुन्हा चाळणीवर, पुन्हा भांड्यात. सगळं खाली पडेपर्यंत. बाई हे सत्तावीस वर्षं करत होत्या आणि नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होत्या. ऐकून कंटाळलेल्यांपैकीच कुणीतरी त्यांना ‘गिरणीवाल्या बाई’ हे नाव ठेवलं होतं.

गिरणी होती भूशास्त्र विभागाच्या तळघरात. दारावर ‘नमुना तयारी कक्ष’ अशी पाटी होती, पण ती वाचून कुणी आत येत नसे. आवाजाच्या मागोमाग आलं की गिरणी सापडे. आत डाव्या हाताला दगडांचे तुकडे करणारा जबडा आणि समोर दोन दळणयंत्रं. एकाचं भांडं अकीक या कडक दगडाचं, दुसऱ्याचं पोलादी. अकीक गुळगुळीत, महाग आणि मंद. त्यात एक नमुना दळायला पाऊण तास लागे, पण त्या भांड्याची बाधा पिठाला जवळपास होत नसे. पोलाद तेच काम दहा मिनिटांत उरकी, मात्र जाता जाता स्वतःचा थोडा अंश पिठात सोडी. कुणाचं दळण कशात करायचं ते बाई ठरवत आणि वहीत लिहीत: तारीख, नमुना, भांडं, सही. वहीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी याच विभागात संशोधनाला आली आणि मावशीच्या घरी वरच्या खोलीत राहू लागली. पहिल्याच दिवशी दोघींमध्ये ठराव झाला. घरी ‘मावशी’ आणि ‘अगं’. गिरणीत ‘बाई’ आणि ‘अहो’. दळण रांगेत नंबर येईल तेव्हाच.

“नाहीतर लोक म्हणतील, मावशी गिरणीवाली म्हणून भाचीचं पीठ बारीक,” बाई म्हणाल्या होत्या.

भाचीचा विषय होता एका डोंगररांगेतले रूपांतरित खडक. बाईंचा नवरा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता घरातला स्वयंपाक चालवत होता. त्यानं पहिल्याच आठवड्यात वाढता वाढता विचारलं होतं, “तू त्या दगडांत नक्की शोधतेस काय?”

“काका, ते आधी समुद्राच्या तळाशी गाळ होते. चिखल, वाळू. मग खोल गाडले गेले, दाबले गेले, भाजून निघाले. आता त्यात चिखलही दिसत नाही आणि वाळूही दिसत नाही. पण काही मूलद्रव्यं हट्टी असतात. कितीही भाजा, जागची हलत नाहीत. त्यांचं प्रमाण मोजलं, की गाळ कुठल्या डोंगराची झीज होऊन आला होता ते सांगता येतं. तो डोंगर आता शिल्लक नसला तरी.”

“म्हणजे पन्नास वर्षांनी भेटलेला माणूस तोंडावरून ओळखू येत नाही, पण बोलायला लागला की गाव कळतं.”

“अगदी तसंच.”

“मग एवढी यंत्रं कशाला? मी बसमध्ये रोज ओळखायचो.”

भाचीच्या तेवीस नमुन्यांचं पीठ झालं, पिठाच्या दाबून चकत्या झाल्या, चकत्या वरच्या मजल्यावरच्या क्ष-किरणांच्या यंत्रातून गेल्या. पंधरा नमुन्यांत क्रोमियम दहा लाख भागांत नव्वदच्या आसपास निघालं. साध्या चिखलात असतं तितकंच. उरलेल्या आठांत साडेतीनशेच्या घरात. ते आठही नमुने रांगेच्या उत्तरेकडच्या एकाच पट्ट्यातले होते आणि आठांतही हिरवट अभ्रक होतं. भाचीनं त्यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं केलं. त्या काळी जवळच कुठेतरी समुद्रतळाचे काळे, जड खडक वर येऊन त्यांचा डोंगर झाला होता आणि त्याची झीज या पट्ट्यात येऊन साचली, असं तिचं म्हणणं. अशा खडकांत क्रोमियम भरपूर असतं. हा डोंगर कुणी पाहिलेला नव्हता आणि कुठल्याही नकाशावर नव्हता. तीन वर्षांचं सगळं वजन त्याच्यावर होतं.

प्रबंध द्यायला चौदा दिवस उरले असताना विभागप्रमुखांनी दोघींना वर बोलावलं. प्रमुख इतकं हळू बोलत, की त्यांच्यासमोर बसलेला माणूस आपोआप नम्र दिसे.

“क्रोमियम आलंय,” ते म्हणाले. “पण एकटंच आलंय. निकेल कुठाय?”

“निकेल नेहमीइतकंच आहे, सर,” भाची म्हणाली.

“त्या काळ्या खडकांत दोघं जोडीनं राहतात. एकटंच दारात आलं, तर मला आधी घरच्याचा संशय येतो. आपल्या पोलादी भांड्यात बारा टक्के क्रोमियम आहे. निकेल नावापुरतं.” मग ते बाईंकडे वळले. “बाई, हे आठ कशात दळले?”

“अकीकात. तेवीसच्या तेवीस. वहीत आहे.”

“वही मी पाहिली. मी तुम्हाला विचारतोय.”

“मी पण तेच सांगतेय.”

भाचीला राहवलं नाही. “सर, भांड्यातून आलं असतं तर दळायच्या क्रमानं आलं असतं ना? हे आठ वेगवेगळ्या दिवशी दळलेत, मध्येमध्ये बाकीचे पंधरा आहेत. भांड्याला काय माहीत कुठला दगड उत्तरेचा?”

“मुद्दा चांगला आहे,” प्रमुख म्हणाले. “आणि ते हिरवं अभ्रक?”

“त्यात क्रोमियम असेल म्हणूनच ते हिरवं आहे, असं मला वाटतं.”

“हिरवं पुष्कळ काय काय असतं. असं करा, बाई, स्वच्छ क्वार्ट्झ घ्या, त्यात क्रोमियम नसतंच. एकदा अकीकात दळा, एकदा पोलादात. कुठलं भांडं काय देतं ते तरी कळू दे. परीक्षकांनी विचारण्याआधी आपण विचारलेलं बरं.”

जिना उतरताना बाईंच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

“बाई, ते तुमच्यावर आरोप करत नव्हते.”

“मग कुणावर करत होते? त्या खोलीत पोलाद आणि मी, दोघंच असतो.”

दुपारी बाईंनी काम सुरू केलं. अकीकाच्या भांड्यातलं क्वार्ट्झ झालं. मग पोलादी भांडं ओट्यावर घेतलं. दळण्याआधी भांडं पुसायचं, ब्रशनं झाडायचं, पुन्हा पुसायचं, हा शिरस्ता. राग होता म्हणून असेल, त्यांनी त्या दिवशी झाकणाची रबरी कडाही नखानं उचकटून बाहेर काढली. ती सहसा महिन्यातून एकदा निघे आणि या महिन्यात निघाली नव्हती. मागच्याही नव्हती. कडेच्या खाचेत पांढुरकी धूळ होती आणि धुळीत एक पापुद्रा चमकत होता. अर्ध्या तांदळाएवढा. हिरवा.

बाईंनी तो बोटाच्या टोकावर घेतला आणि दिव्याखाली धरला.

त्या वर्षी पोलादी भांड्यात चुनखडी दळली गेली होती आणि बेसाल्ट. अभ्रक दोन्हींत नसतं. हिरवं अभ्रक तर त्या वर्षी गिरणीत एकाच माणसाकडून आलं होतं, आणि ते माणूस बाईंच्या वरच्या खोलीत राहत होतं.

मग आठवलं. एकदम नाही, आधी हात आठवला, मग दिवस. अभ्रकाचे पापुद्रे दळले जात नाहीत. ते चपटे असतात, घसरतात आणि चाळणीवर आडवे पडून राहतात. पहिला हिरवा नमुना अकीकात दीड तास फिरला तरी चाळणीवर चिमूटभर उरलाच. अकीकाचं भांडं दोन वाजता दुसऱ्याला द्यायचं होतं. उरलेलं टाकायचं तर नव्हतंच. एवढ्याशा चिमटीवर पोलादी भांडं चालत नाही, म्हणून बाईंनी अख्खं पीठ त्यात ओतलं, दोन मिनिटं फिरवलं, सगळं चाळणीखाली गेलं. वहीत भांड्यासाठी एकच रकाना. दीड तास अकीक, दोन मिनिटं पोलाद. त्यांनी ‘अकीक’ लिहिलं. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलं नव्हतं. पुढच्या हिरव्या नमुन्यालाही तेच केलं. मग त्यापुढच्याला. एकदा केली ती घाई. आठ वेळा केल्यावर ती हाताची सवय झाली, आणि हाताच्या सवयी डोक्यात राहत नाहीत.

भांड्याला उत्तर दिशा कळत नव्हती, पण बाईंच्या हाताला अभ्रक कळत होतं. भाचीचा चांगला मुद्दा तिथेच संपला.

खोलीत कुणी नव्हतं. पापुद्रा इतका हलका होता, की फुंकर घातली असती तर पंख्यानं ओढून बाहेर नेला असता. बाईंनी कागदाची पुडी केली, तो आत ठेवला, वर तारीख घातली आणि लिहिलं: पोलादी भांडं, झाकणाची कडा. मग क्वार्ट्झ दळायला घेतलं, कारण ते काम सांगितलेलं होतं. सांगितलं नव्हतं ते एक काम त्यांनी जास्तीचं केलं. दहा मिनिटांचं दळण झाल्यावर नवं क्वार्ट्झ घेऊन फक्त दोन मिनिटं फिरवलं आणि क्वार्ट्झची तिसरी पुडी बांधली.

संध्याकाळी भाची खुशीत होती. टेबलावर पाव कापता कापता सांगत होती, “काका, आज मी मावशीवरून सरांशी भांडले. म्हटलं, त्यांची वही म्हणजे दगडावरची रेघ.”

“वहीत चूक आहे,” बाई म्हणाल्या.

सुरी थांबली. बाईंनी आडवळण न घेता सगळं सांगितलं: दीड तास, दोन वाजता, चिमूट, दोन मिनिटं. पुडी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. नवऱ्यानं ती मीठ समजून उघडायला घेतली, त्याचा हात त्यांनी बाजूला केला.

“कुठकुठले?” भाचीनं विचारलं.

“हिरवे. आठही.”

“आणि पंधरा?”

“त्यांना पोलाद लागलेलं नाही. ते मुकाट्यानं दळले गेले.”

“म्हणजे फरक आहे तो नेमका तिथेच आहे, जिथे तू...” तिनं वाक्य सोडून दिलं. “मावशी, मी त्यावर बेचाळीस पानं लिहिलीयेत.”

“माहीत आहे.”

“आज सकाळी सरांनी तोंडावर विचारलं तेव्हा तू छातीठोकपणे सांगितलंस!”

“तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आता वाटत नाही. उद्या सकाळी वर जाऊन सांगणार आहे. तुला आधी सांगितलं.”

“आधी जेवा,” नवरा म्हणाला. “डोंगर कुठे पळत नाही.”

“पळाला असेल तर, काका?”

त्यानं तिच्या ताटलीत आणखी घेवडा वाढला. भाचीनं तो चमच्यानं इकडून तिकडे केला. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “दोन मिनिटांत पोलाद किती सोडतं त्यावर आहे सगळं. साडेतीनशेतून अडीचशे गेले तर नव्वद-शंभर उरतात. मग उत्तर आणि दक्षिण सारखीच, आणि प्रकरण गेलं. कमी गेले तर...”

“दोन मिनिटांचं क्वार्ट्झ मी वेगळं दळून ठेवलंय,” बाई म्हणाल्या.

भाचीनं मावशीकडे पाहिलं. राग गेला नव्हता, पण तिनं चमचा तोंडात घातला.

सकाळी प्रमुखांनी पुडी उघडली, भिंग घेतलं आणि पापुद्रा बराच वेळ पाहिला. बाई उभ्या राहून बोलल्या. प्रमुखांनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“किती मिनिटं?”

“दोन.”

“आठही वेळा?”

“आठही वेळा.”

“बरं. पुन्हा दळा. तुकडे शिल्लक आहेत ना?”

“आहेत. मला वाटलं तुम्ही रागवाल.”

“रागवायला वेळ लागतो,” प्रमुख म्हणाले. “तेरा दिवस उरलेत.”

दुपारपर्यंत क्वार्ट्झचे आकडे आले. अकीकातल्या पिठात क्रोमियम जवळपास शून्य. पोलादात दहा मिनिटांत साडेसहाशे, दोन मिनिटांत एकशे चाळीस. भाचीनं कागदावर वजाबाकी केली, उत्तर झाकून ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. क्वार्ट्झ म्हणजे तिचा दगड नव्हे, हे तिला ठाऊक होतं. क्वार्ट्झ कडक, अभ्रक मऊ. पोलाद दोघांना सारखंच घासलं जाईल असं नाही. खरं काय ते पिठातूनच यायला हवं होतं.

आता प्रश्न रांगेचा. अकीकाचं भांडं आठवडाभर दुसऱ्यांच्या नावावर होतं आणि बाई भाचीसाठी रांग मोडायला तयार नव्हत्या. “ही चूक माझी आहे, तुझी निकड आहे, पण रांग त्यांची आहे,” असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. शेवटी चुनखडीवाल्या संशोधकानंच येऊन वहीतलं स्वतःचं नाव खोडलं. “माझी चुनखडी पन्नास कोटी वर्षं थांबलीय, बाई. आणखी एक आठवडा तिला जड नाही.”

बाईंनी या वेळी अभ्रकाशी झटापट केली नाही. स्पिरिटमध्ये ओलं करून दळलं तर पापुद्रे घसरत नाहीत, एकमेकांना चिकटून चिरडले जातात, हे त्यांनी इतरांना कितीदा तरी सांगितलं होतं. वेळ लागतो, आणि मग वाळवायला आणखी वेळ. एका नमुन्याला तीन तास, दिवसाला दोन नमुने, चार दिवस. भाची रोज संध्याकाळी पाच वाजता दारात येऊन उभी राही.

“झाले, बाई?”

“दोन झाले. चाळणीवर काही नाही. बघून घ्या.”

ती खरंच वाकून बघे. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बघितलं नसतं तर त्यांनीच दाखवलं असतं.

आठवं पीठ यंत्रात गेलं त्या दिवशी बाई स्वतः वर गेल्या. सत्तावीस वर्षांत त्या तिथे फार तर दहा वेळा गेल्या असतील. पडद्यावर आकडे एकेक करून येत होते आणि भाची मोठ्यानं वाचत होती. “दोनशे बारा. दोनशे तीस. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे एकवीस...” आठवा आकडा दोनशे सतराचा होता. ती खुर्चीत मागे रेलली.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे सव्वाशे-दीडशे तुमचे, बाई. बाकीचे दगडाचे.”

“पुरतात का?”

“दक्षिणेच्या दुपटीहून जास्त आहेत.” ती हसायला लागली होती. “पुरतात. डोंगर आहे. पण निकेल अजूनही नाही.”

निकेल शेवटी आलंच नाही. मात्र ते का येत नाही हे कळलं, आणि पोलाद बाजूला झाल्यामुळेच कळलं; आता घरच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. भाचीनं त्या खडकाचे कागदाहून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली घातले. हिरव्या अभ्रकाच्या मधोमध बारीक काळे दाणे बसले होते. क्रोमियमच्या खनिजाचे दाणे, कडा झिजून गोल झालेले. तिनं प्रमुखांना आणून दाखवले. काळ्या खडकातली निकेल धरून बसणारी खनिजं नाजूक असतात, पाण्यात कुजून जातात; क्रोमियमचे दाणे चिवट, ते नदीतून गडगडत शेवटपर्यंत पोहोचतात आणि पुढे खडक भाजला की शेजारच्या अभ्रकाला हिरवा रंग देतात. जोडी डोंगरावरून निघाली होती दोघांचीच. वाटेत एक गळालं.

“मग तुमचा डोंगर जवळ नव्हता,” प्रमुख म्हणाले.

“नाही, सर. लांब होता. मोठी नदी होती.”

“बेचाळीस पानांत जवळ लिहिलंय.”

“अठ्ठावीस राहिली आहेत. त्यांत लांब लिहिलंय.”

प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकातून आणखी एकदा पाहिलं. “हे जास्त चांगलं आहे,” ते म्हणाले, आणि या वेळी कुणालाही वाकावं लागलं नाही, इतकं मोठ्यानं म्हणाले.

प्रबंध द्यायच्या आदल्या संध्याकाळी भाची स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली. नवरा बटाटे सोलत होता, बाई पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या पायांना चार दिवसांचं उभं राहणं अजून आठवत होतं.

“पद्धतीच्या प्रकरणात हा परिच्छेद टाकलाय,” भाची म्हणाली. “ऐक. ‘प्रथम तयार केलेल्या आठ नमुन्यांचा दळणाच्या अंतिम टप्प्यात अनवधानाने पोलादी भांड्याशी संपर्क आला. सदर नमुने बाद ठरवून...’”

“थांब. अनवधानानं कसलं?”

“अगं, असंच लिहितात.”

“अनवधान म्हणजे कळलं नाही. मला चांगलं कळत होतं. हातात पोलादी भांडं होतं आणि मी झाकण लावत होते. ते काढ.”

“मग काय लिहू? घाई होती म्हणून बाईंनी केलं?”

“घाई होती म्हणून केलं.”

“मावशी, प्रबंधात असं कुणी लिहीत नाही.”

“म्हणूनच दुसऱ्या कुठल्या गिरणीत तसंच करत असतील आणि तिथल्या डोंगरांचं काय होत असेल देव जाणे. का केलं ते लिही. नुसतं झालं म्हणून लिहिलंस तर वाचणाऱ्याला काय उपयोग?”

“लिही गं, लिही,” बटाट्यांवरून मान न उचलता नवरा म्हणाला. “तीस वर्षांत मला घरात एकदाही चुकीची कबुली मिळालेली नाही. छापून येत असेल तर मला एक प्रत हवी.”

भाचीनं परिच्छेद खोडला आणि नवा लिहायला घेतला. दहा मिनिटं पेनाचा आणि सुरीचाच आवाज होता. मग तिनं वाचलं: “‘अभ्रकाचे पापुद्रे चाळणीतून जात नव्हते आणि अकीकाचे भांडे दुपारी दोन वाजता दुसऱ्या कामासाठी मोकळे करायचे होते. म्हणून संपूर्ण पीठ दोन मिनिटे पोलादी भांड्यात दळण्यात आले. वहीत याची नोंद झाली नाही. यामुळे क्रोमियम दहा लाखांत सुमारे सव्वाशे ते दीडशेने वाढले. निकेल वाढले नाही. अभ्रकयुक्त नमुने स्पिरिटमध्ये ओले करून केवळ अकीकात दळावेत.’”

बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

“दोन वाजता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पुढचं वाच.”